धरसोड

सत्त्याऐंशीव्या भोकापाशी फळी सरकली.
केसभर.
मशीनला काय कळणार? ते मोजत राहिलं,
अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद,
थेट एकशे एकवीसपर्यंत
अगदी मन लावून चुकत.

थंडर बे, फेब्रुवारी, उणे एकोणतीस.
गॅरेजचा हीटर एकाच अंगाला ऊब देतो,
दुसरं अंग गोठतं, मग मी वळते.
मेपलची फळी हातात घेऊन उभी राहिले:
क्रिबेजचा पट, लीजन हॉलमधल्या म्हाताऱ्यांसाठी,
आणि शेवटच्या चढावर वाट वाकडी.

त्याआधी, जानेवारीत,
मशीनसोबत खोक्यातून आलेल्या लोखंडी चापावर
बिट जाऊन आदळलं होतं.
एक ठिणगी, एक ‘टिक्’,
आणि तेवीस डॉलर फ्रीझरखाली घरंगळले.

रोलंड बोशां कुंपणापलीकडून म्हणाला,
‘चांगले चाप विकत घे की, डार्का.’
विकतचे चांगले म्हणजे किती चांगले, ते मी पाहिलंय.
लाकडाची जात अशी,
घट्ट धरलं तर वळ उठतात,
सैल सोडलं तर पळतं.
आणि पात्याला माफ करील असं
दुकानात काही मिळत नाही.

मग आईचा भाजी चिरायचा पाट आठवला.
पांढरं प्लास्टिक, बोटभर जाड,
चाळीस वर्षांच्या सुरीच्या रेघा
आणि मधोमध बिटाचा गुलाबी डाग,
तिनं ब्लीच घालून घालून घासलेला,
न गेलेला.
फेकवत नव्हता. वापरवतही नव्हता.

आता पहिला चाप कापायचा,
तर त्याला धरायचं कशानं?
रोलंड म्हणाला, ‘कोंबडी आणि अंडं.’
मी म्हटलं, ‘निळी टेप.’
पाटाच्या पोटाला एक पट्टी, टेबलाला एक,
मधे सुपरग्लूचे थेंब,
आणि वर वीस मिनिटं मी स्वतः बसले,
कोट, टोपी, बूट, सगळ्या वजनासकट.

पहिला वाकडा निघाला. दुसऱ्याची खाच अरुंद.
तिसऱ्यात बोल्ट बसला, तेव्हा संध्याकाळ झाली होती
आणि माझ्या भुवयांवर पांढरा भुगा.

पण खरं कौतुक त्या चकतीचं.
गोल चकती, भोक मात्र मध्यात नाही,
तीन मिलिमीटर बाजूला, मुद्दाम.
फिरवली की एका अंगानं फुगत जाते,
फळीला टेकते, रेटते, थांबते.
भोक बरोबर मध्यात पडलं असतं
तर ती नुसतीच फिरली असती,
जन्मभर, गोल गोल, कुणालाच न धरता.

एकतीस वर्षं मी चौदा नंबरची शाळेची बस चालवली.
बर्फावर, तळ्याकडून येणाऱ्या वाऱ्यात,
मागे अठ्ठेचाळीस पोरं, एकही जागेवर नाही.
हातानं एकालाही धरलं नाही कधी.
ब्रेक हळू दाबायचा, वळण लांबून घ्यायचं,
आरशात बघत राहायचं.
एवढंच काय ते धरणं.
सगळी घरी पोचली. एकाचा दात पडला होता,
पण तो आधीच हलत होता.

आज रात्री नवी फळी.
चार कोपऱ्यांत चार चाप, दोन चकत्या,
बोटांनी पिळून घट्ट, पान्याशिवाय.
रोलंड दारात उभा, हातमोज्यात कॉफीचा मग,
बोलत नाही, म्हणजे तोही मोजतोय.

शहाऐंशी.
सत्त्याऐंशी.
फळी जागच्या जागी.

मग शेवटी कड कापताना, माझाच आकडा चुकलेला,
बिट वळलं आणि चापाचा कान कुरतडून गेलं.
मी डोळे मिटले.
‘टिक्’ नाही. ठिणगी नाही.
नुसता एक गुलाबी कीस
वेटोळं घेत जमिनीवर आला,
आणि मशीन आपलं पुढे गेलं.

जुना, चुकलेला पट रोलंड घेऊन गेलाय.
म्हणतो, सत्त्याऐंशीनंतर वाट जरा सरकते,
तिथंच तो जिंकायला लागतो.